तांडेल काढता येत नाही

पुण्यात बोट क्लब रोड आहे. त्या रस्त्यावर बंगले आहेत, बंगल्यांत कुत्रे आहेत आणि कुत्र्यांना फिरवायला पगारी माणसं आहेत. बोट मात्र मी तिथं कधी पाहिलेली नाही. क्लब जुना आहे, १८६८ सालचा. तेव्हा साहेबलोक मुळा-मुठेत वल्ही मारायचे म्हणे. आज मारलं तर वल्हं जलपर्णीत अडकून बसेल. एरवी पुणेकराला पाण्याबद्दल दोनच प्रश्न पडतात : सकाळी नळाला आलं का, आणि पावसाळ्यात धरणात किती आलं. दुसऱ्याचं उत्तर आमच्या नानांकडे कायम तयार असतं. नाना म्हणजे माझे चुलते. उभी हयात पाटबंधारे खात्यात गेली. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर मिळून २९.१५ टीएमसी, हा आकडा ते दुसरा कुणी रक्तगट सांगेल तसा सांगतात. एवढं पाणी हाताखालून गेलं, पण नाना समुद्रात कधी गेले नव्हते. "त्याला सांडवा नाही," एवढंच त्यांचं समुद्राविषयी मत होतं.

अशा माणसाची पंचाहत्तरी यॉटवर करायची, ही कल्पना घरातल्या कुणाची असणं शक्यच नव्हतं. ती नेदरलँड्सहून आली. ताईचा मुलगा, म्हणजे नानांचा नातू, तिथं नोकरीला असतो. आदल्या वर्षी मित्रांबरोबर ग्रीसमध्ये आठवडाभर भाड्याच्या बोटीवर राहून आला होता. अथेन्सजवळच्या आलिमोस बंदरातून निघायचं, एजिना, पोरोस, हायड्रा अशी बेटं करत परत यायचं. शनिवार ते शनिवार. रविवारी रात्री कोथरूडच्या हॉलमध्ये आम्ही आठजण एका फोनसमोर दाटीवाटीनं बसलो आणि त्यानं पडद्यावरून वर्ग सुरू केला.

"मुंबईत दिवसभराची बोट मिळेल, ते सोपं आहे. पण क्रू किती घ्यायचा ते आधी ठरवा. सुट्टी चांगली गेली की वाईट, हे सगळं त्यावर असतं."

"क्रू म्हणजे?" काकूंनी विचारलं.

"माणसं, आजी. बोटीवरची."

"मग आपण आठ आहोत की!"

वर्ग इथंच संपला असता, पण पोरगा चिकाटीचा. त्यानं पायऱ्या सांगायला घेतल्या. पहिली पायरी म्हणजे नुसती बोट. शिडं, नांगर, सुकाणू तुमच्या ताब्यात, चालवायची तुम्हीच. ग्रीसमध्ये त्यासाठी एकाकडे परवाना लागतो आणि सोबतीला दुसरा जाणता माणूस लागतो.

हे ऐकून जावईबापू सरसावून बसले. जावईबापू म्हणजे ताईचे यजमान, सीओईपीचे अभियंते. "मी बोट क्लबचा आहे," ते म्हणाले. "रेगाटात होतो."

आता पुण्यात रेगाटा हा शब्द उच्चारला की समोरच्यानं गप्प बसायचं असतं. अभियांत्रिकी महाविद्यालयाची पोरं वर्षातून एकदा मुठेच्या पाण्यात होड्यांच्या कवायती करतात आणि अख्खं शहर काठावर बसून बघतं. आम्ही गप्प बसलो. जावईबापूंना त्यामुळे जोर चढला. "माणसं कशाला हवीत? दिलीप दोंदे एकटे पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, २००९ ते १०. 'म्हादेई' बोट, तीसुद्धा गोव्यात बांधलेली. रत्नाकर दांडेकरांनी. चार ठिकाणी थांबले, बास. आणि २०१३ साली अभिलाष टॉमी तर कुठंही न थांबता आले. आपण मांडव्याला जाणार ना?"

"तुम्ही रेगाटात मशाल घेऊन नाचला होतात," ताई म्हणाली. "जमिनीवर."

पहिली पायरी तिथं बाद झाली.

दुसरी पायरी, बोट आणि चालक. दिवसाला दोनशे युरोच्या घरात त्याची मजुरी. त्याला झोपायला जागा द्यायची आणि त्याचं जेवण आपल्याकडे. "आपल्याकडे म्हणजे? आपण रांधायचं आणि त्याला वाढायचं?" काकू म्हणाल्या. "मग तो पाहुणा झाला की रे!" नातवानं कबूल केलं की झालं होतं तसंच. तो ग्रीक बाप्या चार दिवस मुगाची खिचडी खाऊन पाचव्या दिवशी आपणहून लोणचं मागायला लागला. आठवड्यात त्याला 'बास' आणि 'अजून थोडं' एवढं मराठी आलं. दोन्हींतला फरक मात्र आला नाही.

तिसऱ्या पायरीवर चालकाच्या जोडीला स्वयंपाक आणि आवराआवर करणारं एक माणूस. चौथी पायरी म्हणजे थाटच. कप्तान, आचारी, खलाशी, वाढपी. महिनाभर आधी एक अर्ज येतो, त्यात आवडीनिवडी भरायच्या. चहा कसा, उशी कसली, काय वर्ज्य. शिवाय भाड्याच्या पंचवीस ते पस्तीस टक्के रक्कम आगाऊ कप्तानाच्या हाती द्यायची. त्यातून तो डिझेल, किराणा, बंदराची पट्टी भागवतो, पावत्या ठेवतो आणि शेवटी हिशेब देऊन उरलेले पैसे परत करतो.

इतका वेळ डोळे मिटून बसलेले नाना ताठ झाले. "तसलमात!" ते म्हणाले. "अरे, ही आमची तसलमात! मग एवढा वेळ इंग्रजीत काय सांगत होतास?" त्या क्षणापासून नानांना यॉट या प्रकाराविषयी आदर वाटू लागला. ज्या धंद्यात तसलमात आहे आणि ती निकाली निघते, तो धंदा बुडणारा नव्हे.

खरं तर या पायऱ्या ऐकताना मला हसू येत होतं. आपल्या किनाऱ्याला ही उतरंड जुनीच आहे. सारंग, त्याखाली तांडेल, त्याखाली खलाशी, आणि चुलीपाशी भंडारी. इंग्रजांनी आपली माणसं जहाजांवर घेतली तेव्हा हुद्द्यांची नावंसुद्धा तशीच उचलली, फक्त उच्चार बिघडवले. पण कोकणातल्या माणसाला जे उपजत कळतं ते घाटावर चढेपर्यंत अर्ज होऊन येतं.

आमच्या घरात चौथी पायरी का चालणार नव्हती, ते सांगायला हवं. पैसे गोळा झाले असते. आठजणांची वर्गणी होती, दादा बँकेतला आहे. अडचण वेगळी. आमच्याकडे कामाच्या मावशी साडेआठला येतात. आठला आमची ही भांडी विसळून ठेवते, कारण 'इतकी खरकटी भांडी घासायला टाकली तर मावशी काय म्हणतील'. वहिनीकडे फरशी पुसायला बाई येते त्या दिवशी वहिनी आधी झाडून, ओल्या फडक्यानं एक हात फिरवून ठेवते. हॉटेलातून निघताना काकू पलंगाची चादर घडी घालून उशाशी ठेवतात. एकदा महाबळेश्वरला त्यांनी खोलीतलं न्हाणीघर धुतलं होतं. आम्हाला सेवा परवडते, सोसत नाही. कुणी हातात ताट आणून दिलं की आमच्या बायका उठून उभ्या राहतात आणि पुरुष 'असू दे, असू दे' म्हणत ताट धरून तसेच अवघडतात. अपवाद जावईबापूंचा. पण त्यांना बोटीवरच काय, कुठंच वेगळा क्रू लागत नाही. सासुरवाडी हीच चौथी पायरी.

नानांना चौथी पायरी नको होती ती वेगळ्याच कारणासाठी. त्यासाठी ते पेशवाईत गेले. पर्वतीच्या पायथ्याशी नानासाहेब पेशव्यांनी तळं करवलं, आज जिथं सारसबाग आहे तिथं. मधल्या बेटावर १७८४ साली सवाई माधवरावांच्या काळात गणपती बसला, म्हणून तो तळ्यातला गणपती. पेशवे त्या तळ्यात नावेतून फिरत आणि नावेतच मसलती करत. आणि सांगतात की वल्ही मारायला हबशी ठेवले होते, त्यांना मराठीचा शब्द कळायचा नाही. "याला म्हणतात माणसं निवडणं," नाना म्हणाले. "आपण आठजण एका बोटीत दिवसभर. भांडण होणार. ते बाहेरच्या चार माणसांनी ऐकायचं?"

यावर कुणी काही बोललं नाही, कारण भांडण तेव्हाच सुरू झालं होतं.

मुंबईत बोट ठरवून देणाऱ्या एकाला मी दुसऱ्या दिवशी फोन लावला. त्याच्याकडेही पायऱ्या होत्या, पण खालून एक कमी. "साहेब, तांडेल काढता येत नाही," तो म्हणाला. मी कमी करण्याविषयी विचारलेलं नव्हतं. पुण्याहून फोन आहे म्हटल्यावर त्यानं आधीच खुलासा केला असावा. तांडेल आणि एक खलाशी हे बोटीबरोबर येतात, वर एक वाढपी घ्या, दोन घ्या, आचारी घ्या, सजावट घ्या, गाणी वाजवणारा घ्या. शेवटी मतदान होऊन तांडेल, खलाशी आणि एकच वाढपी असं ठरलं. वाढप्याला तो 'होस्ट' म्हणत होता. यजमान? काकूंना ते पटलं नाही. यजमान आम्ही.

मग अर्ज आला. आवडीनिवडींचा तो कागद काकूंनी स्वतः सांगून माझ्याकडून भरून घेतला. 'ॲलर्जी' या रकान्यात त्यांनी 'उलट उत्तरं देणारी माणसं' असं सांगितलं, मी 'काही नाही' लिहिलं. 'विशेष आहार' या रकान्यात मात्र मोठा मजकूर झाला. ठरवलेली तारीख नेमकी संकष्टीची निघाली. दोघींचा उपास, तिघांना रात्रीचं वर्ज्य, एकाला मधुमेह, जावईबापूंना कांदा बारीक चिरलेला. खाली 'आचाऱ्याला काही सुचवायचे असल्यास' असा रकाना होता. आमच्या पायरीत आचारी नव्हता, पण काकूंनी तोही रिकामा सोडला नाही.

फेब्रुवारीतल्या त्या सकाळी आम्ही सव्वासातची डेक्कन क्वीन पकडली. १ जून १९३० ला सुरू झालेली ही गाडी म्हणजे पुणेकराच्या दृष्टीनं सेवेचा अखेरचा शब्द. तिला जेवणाचा डबा आहे. पांढऱ्या वेशातला वेटर येतो, विचारतो, आमलेट किंवा चीज टोस्ट आणतो, पैसे घेतो, जातो. तो तुमचं नाव विचारत नाही. उगाच हसत नाही. 'प्रवास कसा चाललाय' असं घाट चढताना येऊन विचारत नाही. नानांच्या मते क्रू असावा तर असा.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून दोन टॅक्स्या. (दोन्हींच्या पावत्या नानांनी मागितल्या. तसलमात माझ्याकडे होती.) गेटवेला पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. १९२४ साली खुली झालेली ती कमान, मागं १८४६ पासूनचा रॉयल बॉम्बे यॉट क्लब, पुढं कबुतरं आणि झटपट फोटोवाले. पण खरी गंमत कमानीच्या पाठीमागे, पायऱ्यांवर. ज्यांना लेखी पायऱ्या माहीत झाल्या होत्या त्या आम्हाला या दगडी पायऱ्या भारी पडल्या. खालच्या चार शेवाळानं हिरव्यागार. पाणी अजून चढायचं होतं. पायरीशी एक छोटी होडी हेलकावे खात होती आणि ती आम्हाला आत नांगरलेल्या यॉटपर्यंत नेणार होती. खलाशानं हात पुढं केला. काकूंनी तो न घेता आधी त्याच्या हातात खिचडीचा डबा दिला, मग दाण्याच्या आमटीचा, मग थर्मास, मग ताटल्यांची पिशवी, आणि शेवटी स्वतः त्याच्याकडे न बघता उतरल्या.

यॉटवर चढताच तांडेलानं सांगितलं, चपला-बूट काढा. "बघ, पहिलीच गोष्ट शहाणपणाची," काकू म्हणाल्या. दुसरी गोष्ट जॅकेटं. तांडेल साठीचा, उरणकडचा, रापलेला. तो म्हणाला, "जॅकीट बांदा. आट जॅकिटं मोजल्याबिगर बोट हलनार नाय." जावईबापू म्हणाले, मला पोहता येतं. तांडेल काही न बोलता खाली बसला आणि त्यानं विडी काढली. जावईबापूंनी जॅकेट बांधलं. आयुष्यभर साइटवर माणसं हलवलेले नाना त्या बसण्याकडे बघत राहिले.

मग आमचा वाढपी पुढं आला. विशीतला पोरगा, पांढरा शर्ट, गळ्याला काळा बो. हातात तबक आणि त्यात आठ ग्लास निळ्या रंगाचं काहीतरी. "वेलकम ड्रिंक, मॅम. तुम्ही बसा."

काकूंनी मॅम कोण आली म्हणून मागं वळून पाहिलं. कुणी नव्हतं. मग चौकशी सुरू झाली. गाव कुठलं? जावळी तालुका, मेढ्याजवळ. आई-वडील? शेती, स्ट्रॉबेरीची. हॉटेल मॅनेजमेंट झालंय, राहतो कळव्याला. लग्न? नाही. जेवून निघालास का? नाही. "मग हे उपासाला चालतं का?" निळा ग्लास दाखवून काकूंनी विचारलं. पोरगा प्रामाणिक होता. बाटलीमागचं बारीक अक्षर वाचून म्हणाला, "आजी, यात काय चालत नाही असंच काही लिहिलेलं नाही." मॅमची आजी झाली, ती तिथं. पुढच्या दहा मिनिटांत तो आमच्या डब्यातले पोहे खात होता आणि काकू उभ्या होत्या.

शीड चढलं. आम्ही चौथीच्या भूगोलात मतलई वारे आणि खारे वारे पाठ केले होते, जमिनीकडून समुद्राकडे आणि समुद्राकडून जमिनीकडे. दोन गुणांचा प्रश्न. तो प्रश्न असा अंगाला लागेल असं वाटलं नव्हतं. सकाळचा मतलई वारा पाठीमागून मंद येत होता आणि बोट मुकाट्यानं सरकत होती. डावीकडे दूर न्हावा-शेव्याच्या क्रेन जिराफांसारख्या उभ्या, उजवीकडे नौदलाच्या राखाडी बोटी, गेटवे मागं लहान होत चाललेलं. नाना नाळेवर बसून पाणी मोजत होते. बराच वेळ बसले. मग म्हणाले, "टीएमसीत बसत नाही." आवाजात हार नव्हती, पण काहीतरी होतं.

आणि साडेबाराला वारं पडलं. हेही भूगोलातच होतं, पण गुरुजींनी त्यावर जोर दिला नव्हता. जमीन तापेपर्यंत मतलई मरतो आणि खारा अजून उठलेला नसतो. मध्ये काही वेळ दोघंही नसतात. शीड धोतरासारखं लोंबलं. बोट पुढं जाईना, जागच्या जागी डुलायला लागली. चालती बोट परवडली, उभी बोट पोटावर येते. जावईबापूंचा चेहरा वेलकम ड्रिंकच्या रंगावर गेला. ते म्हणाले, इंजिन लावा. नाना म्हणाले, "डिझेल वेगळं आहे." जावईबापू आडवे झाले. रेगाटा, मशाल, दोंदे, सगळं त्यांच्या शेजारी आडवं झालं.

खरं तर हा वाढप्याच्या कामाचा क्षण. त्यानं लगबगीनं लिंबू कापलं, पण तोवर ताईनं आलेपाकाची वडी काढली होती. त्यानं टॉवेल भिजवला, तोवर वहिनीनं कपाळावर रुमाल ठेवला होता. त्यानं ग्लास उचलायला घेतले, ते काकूंनी आधीच विसळून पालथे घातले होते, पिण्याच्या पाण्यात. त्यानं ताटं मांडू का विचारलं, आमची ही म्हणाली, "तुम्ही बसा हो जरा. सकाळपासून उभे आहात." तो बिचारा तबक छातीशी धरून दोनदा नाळेपर्यंत गेला आणि परत आला. हॉटेल मॅनेजमेंटच्या तीन वर्षांत त्याला पाहुण्यांनी रागावणं शिकवलं असेल, तक्रारी शिकवल्या असतील. पाहुणे कामच करू देत नाहीत, यावर धडा नसावा.

त्याच वेळी नानांनी पत्ते काढले. मेंढीकोट चौघांचा, दोन जोड्यांचा. नाना, दादा, वहिनी आणि चौथे नेहमी जावईबापू. ते डोळे मिटून आकाशाकडे तोंड करून होते. नानांनी बोटीवर नजर फिरवली. मी हिशेबात. खलाशी दोराशी. तांडेल सुकाणूशी.

"मेंढीकोट येतं का रे?" त्यांनी वाढप्याला विचारलं.

पोराच्या तोंडावर सकाळपासून पहिल्यांदा रंग आला. "गावाकडं जत्रेत रात्र-रात्र बसतो, नाना."

बो सुटला. तबक उशाला गेलं. तो नानांचा भिडू झाला आणि पुढचा पाऊण तास त्या निवांत समुद्रावर सेवा या शब्दाचं नावही निघालं नाही. "दश्शी कशाला टाकलीस? दिसत नाही त्याच्याकडे बदाम संपलेत?" नाना खेकसत होते. असं ते खात्यातल्या कारकुनावर खेकसत, दादावर खेकसत. म्हणजे पोरगा घरचा झाला होता. पोरगाही कमी नव्हता. "तुम्ही हुकूम दाबून ठेवला तो?" दादानं माझ्याकडे पाहिलं. नानांना असं त्यांच्या जन्मात कुणी विचारलं नव्हतं. नाना क्षणभर थांबले आणि म्हणाले, "चुकलं." काकूंच्या हातातला डाव आमटीत पडला.

तांडेल हे सगळं ऐकत होता. त्याला मराठी उत्तम कळत होतं, हबशी असण्याची काही सोय नव्हती. वारं पडल्याबद्दल त्याला कसलीच घाई दिसेना. नानांनी पत्ते पिसताना विचारलं, भरती किती वाजता? तो म्हणाला, "आज चौथ. तीनला."

"घड्याळ न बघता?"

"तितीची पाऊनपट करायची. झालं."

नानांचा हात थांबला. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी त्यांनी गावच्या शाळेत छडीखाली पाठ केली होती, आणि साठ-पासष्ट वर्षांत ती कुणी त्यांना विचारली नव्हती. "चार पाऊणे तीन," ते हळूच म्हणाले. "पंचमीला पावणेचार. अष्टमीला सहा." मग एकदम, "म्हणजे पुनवेला सव्वाअकरा?" तांडेल म्हणाला, "अकरा-बारा. पुनवेला उदान. अष्टमीला भांग, पानी चडत नाय फारसं." नाना उठले, पत्ते तसेच टाकून, आणि सुकाणूजवळ जाऊन बसले. एका पाण्याच्या माणसाला दुसरा भेटला होता. सांडव्याचा प्रश्न निघाला असावा, कारण तांडेल बराच वेळ मान हलवत होता.

सव्वाच्या सुमारास पाण्यावर वायव्येकडून काळसर सुरकुत्या धावत आल्या. खारा. शीड फडफडलं, फुगलं, बोट कलली आणि आमटीचं पातेलं खलाशानं झेल घ्यावा तसं घेतलं. तांडेलानं नानांच्या हातात सुकाणू दिलं. त्यानं पाठीमागं एक बोट चाकाला लावून ठेवलं होतं, ते आम्हाला दिसत होतं, नानांना नाही. पंचाहत्तर वर्षांचा माणूस ओठ घट्ट मिटून मांडव्याच्या रोखानं बोट नेत होता. दक्षिणेला क्षितिजावर एक धुरकट उंचवटा दाखवून तांडेल म्हणाला, खांदेरी. महाराजांनी १६७९ साली मायनाक भंडाऱ्याला पाठवून जिथं तट चढवला आणि इंग्रजांच्या नाकासमोर चढवला, ते बेट. २०२५ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांतलं एक. एरवी नानांनी यावर तासभर घेतला असता. "नंतर," ते म्हणाले. "मी चालवतोय."

मांडव्याच्या अलीकडे नांगर टाकून जेवणं झाली. पॅकेजातलं जेवणही आलं होतं, आठ पेट्या. त्यातल्या तीन तांडेलानं, खलाशानं आणि वाढप्यानं खाल्ल्या, ताईनं आग्रह करकरून वाढल्या. बाकीच्या पाच पुण्याला परत आल्या. आमच्या आठांनी खिचडी, वऱ्याचे तांदूळ आणि आमटी खाल्ली. उपास दोघींचा होता, पण खिचडीपुढं तेवढा हिशेब कुणी ठेवला नाही. जावईबापू उठून बसले आणि म्हणाले, कांदा बारीक आहे का.

परतीला वारा तोंडावर. आता तिरपं तिरपं जायचं, एकदा डाव्या अंगाला, एकदा उजव्या. नानांना हे मंजूर नव्हतं. "गेटवे समोर दिसतंय. सरळ घे."

"सरल घेतली तर शीड निस्तं फडफडंल, नाना. बोट हितंच."

नानांनी आयुष्यभर सरकारी काम केलेलं असल्यामुळे हे त्यांना ताबडतोब पटलं. पण पाच दहाची डेक्कन क्वीन होती. शेवटी इंजिन लागलंच आणि डिझेल मी तसलमातीत वेगळं लिहिलं.

पायऱ्या आता भरतीनं झाकल्या होत्या, त्यामुळे उतरणं सोपं गेलं. राहता राहिली बक्षिसी. नातवानं सांगून ठेवलं होतं की युरोपात चौथ्या पायरीला भाड्याच्या पाच ते पंधरा टक्के देतात, कप्तानाच्या हाती, तो वाटतो. आमच्याकडे ताईनं लक्ष्मी रोडवरून आणलेली आहेराची पाकिटं होती, वर एक रुपयाचं नाणं चिकटवलेली. तांडेलाचं पाकीट नानांनी दोन्ही हातांनी दिलं. खलाशाला काकूंनी दिलं, आता त्याच्याकडे बघून. वाढप्याच्या पाकिटापाशी गाडी अडली. पोरगा घेईना. "नाना, मी काही केलंच नाही."

"तिसरा डाव तू घालवलास," नाना म्हणाले. "पण पहिले दोन आपण जिंकले."

"घे रे बाळा," काकू म्हणाल्या. "दिवसभर कुणाच्या मधे मधे आला नाहीस." आणि लाडवांचा डबा त्याच्या तबकात ठेवला.

धावतपळत गाडी गाठली. दादरला नानांनी तसलमातीचा हिशेब मागितला. शिल्लक सदतीस रुपये. एका टॅक्सीची पावती हस्तलिखित असल्यामुळे तिच्यावर शेरा पडला. कर्जतला काकूंनी खिडकीतून आकाशाकडे पाहिलं. चंद्रोदयाला अजून बराच अवकाश होता, तोवर आपण घरी पोचतो. जावईबापू मोबाईलवर कुणालातरी सांगत होते की समुद्र आज तसा खवळलेलाच होता.

घाट सुरू झाला तसा वेटर चहा घेऊन आला. सकाळचाच. विचारलं, दिला, पैसे घेतले. परत आला तेव्हा काकूंनी आठही कप एकात एक घालून, तबक रुमालानं पुसून तयार ठेवलं होतं. "आजी, राहू द्या हो," तो म्हणाला.

नाना पत्ते पिसत होते. त्यांनी चष्म्यावरून त्याला एकदा वर-खाली न्याहाळलं.

"लोणावळ्यानंतर गर्दी कमी असते ना तुम्हाला?" ते म्हणाले. "मेंढीकोट येतं?"